चाळीस वर्षांचे दप्तर

बंगळूरमध्ये स्वस्तातले भाड्याचे घर शोधणाऱ्या नवख्या माणसाला दलाल कधी तरी ‘एसी शीट हाऊस’ दाखवतो. भाडे ऐकून माणूस चकित होतो. एवढ्याशा पैशांत वातानुकूलन? घर पाहिले की उलगडा होतो. चार भिंती, डोक्यावर राखाडी, नालीदार पत्रे आणि एप्रिलमध्ये आत भट्टी. इथला ‘एसी’ म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. आपण महाराष्ट्रात त्याला नुसता ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो आणि ॲस्बेस्टॉस नावातूनच गाळून टाकतो.

समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या, गोदी नसलेल्या शहरातून गोदी कामगारांची गोष्ट सुरू करणे विचित्र वाटेल. पण या पत्र्यातला तंतू आणि जहाजाच्या बॉयलरवर लिंपला जाणारा तंतू एकाच कुळातले आहेत. हा तंतू माणसाच्या छातीत काय करतो, याचे बरेचसे ज्ञान जगाला मिळाले ते गोदीतल्या कामगारांच्या एक्स-रेंमधून आणि शवचिकित्सांमधून. त्याची किंमत त्यांनी मोजली. म्हणून पत्र्याखाली राहणाऱ्याने गोदीची गोष्ट ऐकावी.

कापसासारखा दगड

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नव्हे. तंतुमय रूपात सापडणाऱ्या सहा खनिजांना मिळून हे नाव आहे. त्यांतली तीन बाजारात गाजली: पांढरे क्रिसोटाइल, तपकिरी अमोसाइट आणि निळे क्रोसिडोलाइट. खाणीतून काढलेला दगड कुटला की त्याचा कापसासारखा पुंजका होतो. तो पिंजता येतो, कातता येतो, विणता येतो. पण हा कापूस पेटत नाही, कुजत नाही, उंदीर-वाळवी त्याच्या वाटेला जात नाहीत. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच ‘न विझणारे’ असा आहे.

वाफेच्या जहाजाला असाच पदार्थ हवा होता. अशा जहाजाच्या पोटात बॉयलर धगधगत असतात आणि तप्त वाफेचे पाइप माणसांच्या वावरण्याच्या जागेतून, झोपण्याच्या जागेशेजारून जातात. उघडा पाइप म्हणजे वाया जाणारी उष्णता आणि भाजलेले हात. त्यात भर समुद्राची. जमिनीवर आग लागली तर माणूस घराबाहेर पळतो, जहाजावरून पळणार कुठे? म्हणून विसाव्या शतकात युद्धनौकांच्या बॉयलरवर, टर्बाइनवर, पाइपांवर, खोल्यांमधल्या भिंतींवर, दारांच्या सांध्यांत, गास्केटमध्ये आणि व्हॉल्व्हच्या दोरीत ॲस्बेस्टॉस भरले गेले. वेल्डरचे हातमोजे आणि ठिणग्या अडवायला टाकायची चादरही त्याचीच असे.

पाइपावर हे आवरण चढवण्याच्या कामाला गोदीत ‘लॅगिंग’ म्हणतात. पिंपात भुकटी ओतायची, पाणी घालून हाताने कालवायची आणि गरम पाइपावर गिलाव्यासारखी थापायची. सरळ पाइपासाठी तयार अर्धगोल तुकडे करवतीने कापून बसवायचे. वरून ॲस्बेस्टॉसचे कापड गुंडाळून उशीच्या अभ्र्यासारखे शिवायचे. एवढ्यात धूळ उडेच. पण खरे संकट जहाज दुरुस्तीला आले की येई. वर्षानुवर्षे भाजून कोरडे, ठिसूळ झालेले जुने लॅगिंग हातोडीने फोडून काढावे लागे. इंजिन रूमची जागा अरुंद, वारा नाही, आणि त्याच वेळी तिथे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, रंगारी अशी आठ-दहा जणांची कामे चाललेली. फोडणारा एक, पण हवा सगळ्यांची. ब्रिटनच्या डेव्हनपोर्ट नौदल गोदीतले डॉक्टर पी. जी. हॅरीज यांनी १९६८ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. ॲस्बेस्टॉसला कधी हातही न लावलेल्या कामगारांच्या छातीतही त्याच्या खुणा सापडत होत्या.

खिडकीतून आलेल्या उन्हाच्या कवडशात नाचणारी धूळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती डोळ्यांना दिसते कारण तिचे कण मोठे असतात आणि त्यातले बरेच नाकातच अडकतात. ॲस्बेस्टॉसचा घातक तंतू त्या कवडशातही दिसत नाही. इतर खनिजे फुटली की त्यांचे खडे होतात. हा मात्र उभा चिरत जातो. लांबी तीच राहते आणि जाडी कमी होत जाते, शेवटी केसाच्या शेकडो पट बारीक होते. असा तंतू शांत हवेतही तासन्‌तास तरंगतो. मजल्यावरची धूळ खाली बसली, आता डबा उघडून जेवायला हरकत नाही, असे वाटते तेव्हाही हवा त्याने भरलेली असते.

छातीतले न संपणारे भांडण

अमेरिकेत १९९४ पासून कामाच्या जागी हवेच्या दर घन सेंटीमीटरमागे ०.१ तंतू ही मर्यादा आहे. आकडा नगण्य वाटतो. पण एका घनमीटरमध्ये दहा लाख घन सेंटीमीटर असतात, म्हणजे त्या हवेत एक लाख तंतू झाले. अंगमेहनतीचे काम करणारा माणूस एका पाळीत साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. मर्यादा तंतोतंत पाळली तरी पाळीला दहा लाख तंतू. जुन्या इंजिन रूममध्ये लॅगिंग फोडताना ही मर्यादा शेकडो पटींनी ओलांडली जात असे.

बहुतेक तंतू श्वासनलिकेतला चिकट द्रव बाहेर लोटतो. काही मात्र थेट फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे सफाईला नेमलेल्या पेशी असतात. त्या कण गिळतात आणि विरघळवतात. पण हा तंतू त्या पेशीपेक्षाच लांब असतो. काठी गिळायला निघालेल्या माणसासारखी तिची गत होते: गिळवत नाही आणि सोडवतही नाही. ती चिडून दाहक रसायने सोडते, मरते आणि तिच्या जागी दुसरी येते. तंतू तिथेच. हे भांडण वर्षानुवर्षे चालते आणि प्रत्येक फेरीनंतर थोडा व्रण मागे राहतो.

व्रण साचत जाऊन फुप्फुस ताठर होते, त्या आजाराला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. आधी जिना चढताना दम लागतो, मग चालताना, मग बसल्या जागी. डॉक्टरने पाठीला स्टेथोस्कोप लावला की श्वास घेताना तळाशी चरचर ऐकू येते. दुसरा आजार फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, फुप्फुसाभोवतीच्या किंवा पोटाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग. एरवी इतका दुर्मीळ की एखाद्या गावात त्याचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले तर आधी ॲस्बेस्टॉसची चौकशी करावी. १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातले ३३ रुग्ण मांडले आणि हा संबंध पक्का झाला. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना, पांढऱ्यासकट, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

यात विडी-सिगारेटची भर पडली तर हिशेब बेरजेचा राहत नाही. हॅमंड आणि सेलिकॉफ यांनी १९७९ मध्ये लॅगिंगचे काम करणाऱ्या अमेरिकी कामगारांचे आकडे मांडले. धूम्रपान नाही आणि ॲस्बेस्टॉसही नाही, अशा माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका एक धरला, तर फक्त ॲस्बेस्टॉसवाल्याचा पाच, फक्त सिगारेटवाल्याचा अकरा आणि दोन्ही असणाऱ्याचा त्रेपन्न. मेसोथेलिओमाला मात्र सिगारेटचे निमित्त लागत नाही.

त्याला गोदीत जाण्याचेही निमित्त लागत नाही. लंडनच्या न्यूहाऊस आणि थॉम्प्सन यांनी १९६५ मध्ये मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा पूर्वेतिहास खणून काढला. त्यात कारखान्याची पायरीही न चढलेल्या स्त्रिया निघाल्या. त्यांनी फक्त नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुतले होते.

लवकर पाहिले, म्हणून दिसले नाही

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. ॲस्बेस्टॉसिस हा शब्द १९२७ पासून वैद्यकात आहे. १९३१ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांसाठी नियम केले. तरी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गोद्यांत सुमारे ४५ लाख माणसे या धुळीत राबली. कोणी तपासले नाही म्हणावे, तर तपासले होते.

फ्लायशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नौदलाच्या गोद्यांतले पाइपावर लॅगिंग चढवणारे १,०७४ कामगार तपासले आणि १९४६ मध्ये अहवाल छापला. ॲस्बेस्टॉसिस फक्त तिघांना निघाला. निष्कर्ष असा की हे काम बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पुढची अनेक वर्षे हा अहवाल ढालीसारखा पुढे केला गेला.

आकडे खोटे नव्हते. पण त्या कामगारांपैकी सुमारे ९५ टक्क्यांना या कामात दहा वर्षेसुद्धा झालेली नव्हती, आणि आजारी निघालेले तिघे वीस वर्षांहून जुने होते. उत्तर त्याच कागदावर लिहिलेले होते. आंब्याची कलमे लावल्यावर दुसऱ्याच वर्षी बागेत जाऊन, इथे फळ धरत नाही असा दाखला द्यावा, तसा तो अहवाल होता.

ॲस्बेस्टॉसचा आजार यायला वीस ते चाळीस वर्षे लागतात, कधी त्याहून जास्त. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले डॉक्टर आयर्विंग सेलिकॉफ यांना हे उमगले, कारण त्यांनी माणसे शोधली ती कामगार संघटनेच्या जुन्या सभासद नोंदवहीतून. आज कामावर कोण आहे हे त्यांनी विचारलेच नाही. वीस वर्षांपूर्वी कोण होते, आणि ते आज कुठे, कशा अवस्थेत आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा शोधनिबंध १९६४ मध्ये आला आणि गोदीतला धोका झाकून ठेवणे अशक्य झाले. एका संघटनेने आपले दप्तर जपून ठेवले होते म्हणून हे घडले.

दारूखान्याची वाट

गोदीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. मुंबईत वाडिया कुटुंबाने अठराव्या शतकापासून जहाजे बांधली. त्यांनी मलबारी सागवानात बांधलेले एचएमएस त्रिंकोमाली १८१७ मध्ये पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगते आहे. शिडाच्या त्या लाकडी जहाजाला बॉयलर नव्हता, म्हणून ॲस्बेस्टॉसही नव्हते. पुढे वाफ आली, माझगाव डॉक आणि नौदल गोदी वाढली आणि कोकणातल्या कित्येक घरांची चूल गोदीतल्या फिटरच्या, वेल्डरच्या पगारावर पेटू लागली.

पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका आठवा. गेटवेजवळ नांगरलेले तिचे संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली जात. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये तिची बांधणी सुरू झाली आणि १९६१ मध्ये ती आपल्या नौदलात आली. वाफेवर चालणारी त्या काळची ब्रिटिश युद्धनौका म्हणजे आत काय भरलेले असणार, हे वेगळे सांगायला नको. २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा अंश घेऊन बजाजने २०१६ मध्ये मोटरसायकल आणली आणि लोकांनी ती अभिमानाने विकत घेतली. पोलाद कुठे गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लॅगिंग कोणी काढले आणि ते काढणारे हात आज कुठे आहेत, हे कोणी विचारले नाही.

दारूखान्यात आणि गुजरातच्या अलंगमध्ये जहाज तोडणारे कामगार बहुधा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले असतात. ते ठेकेदाराच्या हाताखाली काम करतात, आज या प्लॉटवर तर उद्या त्या. गॅस कटर हातात घेतलेल्या माणसाला पत्र्यामागे काय आहे ते कापल्यावरच कळते.

फ्रान्सची विमानवाहू नौका क्लेमन्सो २००५ च्या अखेरीस अलंगच्या वाटेवर निघाली, तेव्हा या प्रश्नाचा पहिल्यांदा जगभर गाजावाजा झाला. तिच्यात उरलेले ॲस्बेस्टॉस किती, यावरच रणकंदन माजले. फ्रेंच सरकार ४५ टन म्हणत होते, आधी सफाई केलेल्या कंपनीचा अंदाज ५०० टनांच्या पुढे होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात प्रकरण चालू असतानाच फेब्रुवारी २००६ मध्ये अध्यक्ष शिराक यांनी नौका माघारी बोलावली. शेवटी ती तोडली गेली हार्टलपूलमध्ये. मुंबईचे निर्धोक लाकडी जहाज जिथे जपून ठेवले आहे त्याच गावात, पुरेशा संरक्षणात आणि नोंदी ठेवून.

त्यानंतर कायदा पुढे सरकला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २०११ पासून कोणत्याही जहाजावर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवता येत नाही. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा केला आणि त्याच विषयावरच्या हाँगकाँग करारात प्रवेश केला. तो करार जून २०२५ मध्ये अमलात आला. आता तोडायला येणाऱ्या जहाजासोबत कोणता घातक पदार्थ कुठे आहे, याची यादी हवी. जहाजाला दप्तर मिळाले. माणसाचे काय?

घाटकोपर ते सर्वोच्च न्यायालय

माणसाच्या दप्तराची गोष्टही मुंबईतच आहे. घाटकोपरच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे २३ टक्के, म्हणजे चौघांत जवळपास एक जण ॲस्बेस्टॉसिसने ग्रासलेला होता. यांतल्या अनेकांना आपल्या आजाराचे नाव तपासणीनंतरच कळले. आपल्याकडे खोकला आणि दम म्हटले की आधी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात.

त्याच्या दहा वर्षे आधी, २७ जानेवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर एक मोठा निकाल दिला होता. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राची ती याचिका. कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरली. पण मला त्या निकालातले सर्वांत शहाणे वाक्य वेगळेच वाटते. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तिथपर्यंत जपून ठेवावी, असे ते आहे. फ्लायशर जिथे चुकले, ती जागा न्यायालयाने अचूक हेरली. आजार चाळीस वर्षांनी येणार असेल तर कागदही चाळीस वर्षे टिकला पाहिजे.

टिकतो का? समजा, गोदीतला एक फिटर १९८० मध्ये कामाला लागला, २०१० मध्ये निवृत्त होऊन देवगडकडे गावी गेला आणि २०१८ मध्ये त्याला दम लागू लागला. तालुक्याचा डॉक्टर विडीबद्दल विचारेल, क्षयाबद्दल विचारेल. इंजिन रूमबद्दल विचारणार नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद’ असे लिहिले जाईल. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे, पण कळवायला आधी तो ओळखावा लागतो. दारूखान्यातल्या ठेकेदारी कामगाराचे तर हजेरीपटावर नावच नसते. मग ‘आपल्याकडे असे रुग्ण फारसे नाहीत’ असे म्हणणे किती सोपे! फ्लायशरच्या अहवालात चूक काळाची होती, आपल्याकडे वहीच कोरी आहे.

पुन्हा पत्र्याखाली

कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कारवार आहे, मराठी आणि कोकणीच्या शेजारात. तिथल्या नौदल तळावर विक्रमादित्य ही रशियाकडून घेतलेली विमानवाहू नौका असते. २०१२ च्या समुद्री चाचण्यांत तिच्या आठपैकी सात बॉयलरांनी दगा दिला. रशियन जहाजबांधणी महामंडळाने तेव्हा कारण सांगितले ते असे की, भारताने बॉयलरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस नाकारले, म्हणून अग्निविटा वापरल्या आणि त्या टिकल्या नाहीत. खरेखोटे त्यांचे त्यांना ठाऊक. पण आपल्या खलाशांजवळ हा पदार्थ नको, असे आपणच म्हटले होते. त्याच काळात, आणि आजही, वर्षाला तीन लाख टनांहून अधिक क्रिसोटाइल आपण बाहेरून आणतो आणि त्यातले बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत जाते. देशात त्याच्या खाणकामावर बंदी आहे, आयातीवर नाही. साठाहून अधिक देशांनी मात्र वापरच थांबवला आहे.

पत्र्यात साधारण दहावा भाग ॲस्बेस्टॉस असते आणि ते सिमेंटने बांधलेले असते. म्हणून डोक्यावरचा अखंड पत्रा बघून घाबरून घर सोडायचे कारण नाही. धोका पत्रा छेडला की सुरू होतो. कोरडा पत्रा मशीनने कापू नये, घासू नये, त्यावर कोरडा ब्रश मारून शेवाळ काढू नये. काढायचाच तर पाणी मारून, न फोडता, अख्खा उतरवावा. तुकडे भरावात टाकू नयेत, मुलांना खेळायला देऊ नयेत. खाली पडलेला भुगा झाडूने न लोटता ओल्या फडक्याने टिपावा. गॅरेजमध्ये जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवेच्या पाइपाने फुंकून उडवतात, ती सवय आजच सोडावी. बंगळूरच्या पीण्यासारख्या औद्योगिक भागात जुन्या शेडवर चढणाऱ्या मजुराला हे कोणी सांगत नाही. त्याला नाकावर बांधायला रुमाल असतो आणि रुमाल या तंतूला अडवत नाही.

देवनहळ्ळीजवळ राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र आहे. अहमदाबादच्या संस्थेची ही शाखा १९७७ मध्ये सुरू झाली. असे केंद्र तज्ज्ञ पुरवू शकते. पण त्याच्या दारापर्यंत रुग्ण पोचायचा तर आधी कोणीतरी एक साधा प्रश्न विचारायला हवा. तो प्रश्न तीनशे वर्षे जुना आहे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि बजावले की नाडी बघण्याआधी रोग्याला विचारा, तू काम काय करतोस?

हा प्रश्न दवाखान्यात विचारला जाईल याची खात्री नसेल तर उत्तर घरीच तयार ठेवावे. तुमच्या घरात गोदीतून, जहाजतोडणीतून, बॉयलर हाउसमधून किंवा पत्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या गोदीत, कोणत्या खात्यात, तिकीट नंबर काय, शेजारी लॅगिंग चालायचे का, कपडे घरी कोण धुवायचे, हे सगळे त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्या. कागद कपाटातल्या छातीच्या एक्स-रेच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी ते पाकीट डॉक्टरच्या टेबलावर जाईल तेव्हा कागदही त्याच्यासोबत जाईल. आणि ज्या आजीने ते कपडे धुतले, तिच्या पाकिटात त्याची दुसरी प्रत ठेवायला विसरू नका.